कच्ची जागा भरायची कशी? फिलाडेल्फियातला वाद

अमेरिकेतला फुटबॉल हेल्मेट घालून, अंगावर धावून जाऊन खेळतात. फेब्रुवारीत हंगाम संपतो. पण फिलाडेल्फियात मला सगळ्यांत रंगतदार वाटतात ते त्यानंतरचे मार्च आणि एप्रिल. मैदानात काहीच चालू नसतं, तरी ऑफिसात, सलूनमध्ये, ट्रेनमध्ये एकच वाद ऐकू येतो: शहराच्या ईगल्स संघाची कुठली जागा कच्ची आहे आणि हावी रोझमन ती कशी भरणार?

रोझमन संघाचा जनरल मॅनेजर. कोच खेळवतो आणि जनरल मॅनेजर माणसं आणतो, अशी ढोबळ विभागणी. २०१५ मध्ये त्याचे अधिकार काढून कोच चिप केलीकडे दिले होते. तो प्रयोग एका वर्षातच फसला आणि रोझमन परतला. त्यानंतर संघाने फेब्रुवारी २०१८ मध्ये पहिला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसरा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

आयपीएलच्या लिलावात पर्स असते, तशी इथे कॅप. २०२४ साली ती प्रत्येक संघाला २५ कोटी ५४ लाख डॉलर होती आणि त्यात ५३ जणांचा संघ बसवायचा. कॉलेजातून येणाऱ्या मुलांवर मात्र बोली लागत नाही. एप्रिलमधल्या ड्राफ्टच्या ७ फेऱ्यांत संघ पाळीपाळीने मुलं निवडतात, आणि कितव्या नंबरवर निवड झाली त्यावर पहिल्या चार वर्षांचा पगार जवळजवळ ठरलेला असतो. म्हणजे चांगला पोरगा मिळाला तर चार वर्षं तो स्वस्तात खेळतो. नावाजलेल्या खेळाडूंना द्यायचा पैसा तिथूनच सुटतो.

या शहरातले लोक याबाबत किती हळवे आहेत, ते १९९९ च्या ड्राफ्टवरून कळतं. लोकांना हवा होता रिकी विल्यम्स, चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक. ईगल्सने दुसऱ्या नंबरवर डॉनोवन मॅकनॅब हा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून डाव चालवणारा, घेतला आणि न्यूयॉर्कला मुद्दाम गेलेल्या फिलाडेल्फियाच्या चाहत्यांनी भर सभागृहात त्याची हुर्यो उडवली. पुढे मॅकनॅबने संघाला पाच वेळा कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे, नेलं. तिकडे न्यू ऑर्लिन्सने एकट्या विल्यम्ससाठी त्या वर्षीच्या सगळ्या निवडी आणि वर पुढच्या वर्षीच्या दोन देऊन टाकल्या. एका माणसापायी बाकीच्या सगळ्या जागा उघड्या पडल्या.

गरज डोक्यात ठेवून निवडलं की काय होतं, याचं दुखणं ईगल्सलाही माहीत आहे. २०२० मध्ये रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, हवा होता. २१ व्या नंबरवर त्यांनी जेलन रेगर घेतला. लगेच २२ व्या नंबरवर मिनेसोटाने जस्टिन जेफरसन घेतला आणि तो लीगमधल्या सर्वोत्तम रिसीव्हरांपैकी एक ठरला. ती पोकळी भरायला २०२२ उजाडलं. ए. जे. ब्राउनसाठी पहिल्या फेरीतली निवड द्यावी लागली आणि चार वर्षांचे दहा कोटी डॉलर मोजावे लागले. ब्राउन सोन्यासारखा खेळाडू आहे, पण एकाच जागेसाठी संघाने दोनदा किंमत मोजली.

२०२३ मध्ये संघ पहिल्या अकरांतले दहा सामने जिंकून कोसळला. पासिंग अडवणारे कॉर्नरबॅक तिशी ओलांडलेले होते आणि ते मैदानात दिसत होतं. पुढच्या ड्राफ्टमध्ये रोझमनने पहिल्या दोन्ही निवडी तिथेच खर्च केल्या: क्विन्यॉन मिचेल आणि कूपर डिजीन. इथपर्यंत कुणीही सांगितलं असतं. माझं मन जिंकलं ते झॅक बॉनने.

बॉन न्यू ऑर्लिन्सकडे बाहेरच्या बाजूने धावून जाणारा राखीव खेळाडू होता. ईगल्सने त्याला एका वर्षाचे ३५ लाख डॉलर दिले. बचावाची सूत्रं सांभाळणाऱ्या विक फँजिओने त्याला मधल्या लाइनबॅकरच्या जागी उभं केलं आणि त्याच हंगामात तो ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, निवडला गेला. मेकाय बेक्टनचंही तसंच. न्यूयॉर्क जेट्सने पहिल्या फेरीत टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणाऱ्या रांगेतला कडेचा खेळाडू, म्हणून घेतलेला आणि दुखापतींनी मागे पडलेला हा अवाढव्य मुलगा इथे त्याच रांगेत आतल्या बाजूला, गार्ड म्हणून उभा राहिला. डावा टॅकल जॉर्डन मायलाटा तर ऑस्ट्रेलियातून रग्बी लीग खेळून आलेला. २०१८ मध्ये सातव्या फेरीत निवड होईपर्यंत तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता.

शेजारचे आजोबा हे श्रेय रोझमनला द्यायला तयार नाहीत. "घडवलं ते कोचांनी," ते म्हणतात, "फँजिओने आणि त्या रांगेचा कोच स्टाउटलंडने." त्यांचं अर्धं खरं आहे. पण आपला कोच कुठल्या मातीचं काय करू शकतो, हे ओळखून तशी माती आणणं हेच जनरल मॅनेजरचं काम आहे असं मला मनापासून वाटतं. कच्ची जागा दिसली की तिथलं नाव शोधत बाजारात सगळेच जातात, म्हणून तिथे भाव चढलेला असतो. दुसऱ्या जागेवर उभा असलेला माणूस इथे बसेल, हे ओळखणारे फार थोडे.

सेक्वॉन बार्कलीचंही थोडं असंच. रनिंग बॅकवर पैसा घालू नये, हे आता सगळ्या लीगचं शहाणपण झालं होतं आणि त्यामुळेच त्या जागेचे भाव पडले होते. न्यूयॉर्क जायंट्सने त्याला जाऊ दिलं, रोझमनने तीन वर्षांचे ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर देऊन आणलं, आणि २०२४ च्या हंगामात तो २००५ यार्ड धावला. ९ फेब्रुवारी २०२५ ला कॅन्सस सिटीला सुपर बोलमध्ये ४०-२२ हरवताना बॉनने समोरच्यांचा एक पास मधेच पकडला. डिजीनने आणखी एक पकडून थेट टचडाउन केला, तोही आपल्या बाविसाव्या वाढदिवशी.

त्या विजयानंतर किंमत चुकवायची वेळ आली. बॉनला तीन वर्षांचे ५ कोटी १० लाख डॉलर मिळाले. समोरच्या क्वार्टरबॅकवर तुटून पडणारे जॉश स्वेट आणि मिल्टन विल्यम्स मोठ्या करारांवर दुसरीकडे गेले, बेक्टनही गेला. आणि २०२५ च्या पहिल्या फेरीत ईगल्सने, १९७९ नंतर पहिल्यांदाच, मैदानाच्या मधला लाइनबॅकर घेतला: अलाबामाचा जिहाद कॅम्पबेल. बॉनची जागा नुकतीच एवढ्या पैशाने पक्की केलेली असताना! आजोबांना ही निवड मुळीच पटलेली नाही. मला पटली आहे. जागा मोकळी पडेपर्यंत थांबलं की रेगर मिळतो, असं मी त्यांना सांगितलं, आणि आमचा वाद पुढच्या मार्चपर्यंत चालेल अशी लक्षणं आहेत.