झाला का फराळ?

कोजागिरीचं दूध आटतं न आटतं तोच आमच्या लिफ्टमध्ये हा प्रश्न सुरू होतो. "झाला का गं फराळ?" दिवाळी अजून दोन आठवडे लांब असते. विचारणाऱ्या काकूंच्या मनात काही नसतं. त्यांची भाजणी गिरणीतून दळून आलेली असते, एवढंच. पण सातव्या मजल्यावर उतरेपर्यंत माझ्या डोक्यात चकल्या, चिवडा, लाडू, करंज्या, शंकरपाळे सगळे ओळीने हजर होतात. ठाण्याच्या नौपाड्यात तर ज्यांची मुलं अमेरिकेत, त्यांचा पहिला घाणा याच्याही आधी निघतो. पार्सल वेळेत पोचायला हवं ना.

खरं तर या पदार्थांची रचनाच धावपळ टळावी अशी आहे. कशातच पाणी फारसं उरू दिलेलं नाही. रवा कोरडा भाजायचा, पातळ पोहे उन्हात तापवायचे, चकली तेलातले बुडबुडे मंदावेपर्यंत तळायची. ते बुडबुडे म्हणजे आतल्या पाण्याची वाफ. ती गेली की चकली झाली. फ्रिज नसलेल्या घरात पदार्थ पंधरा दिवस टिकावेत, आल्यागेल्यासमोर ताटली ठेवायला बाईला पुन्हा चुलीपाशी जावं लागू नये, म्हणूनच हा खटाटोप असणार असं मला वाटतं. आगाऊ करून निवांत बसण्याची ही सोय. आपण ती ऑफिसच्या तारखा सांभाळत धनत्रयोदशीच्या आदल्या दोन रात्रींत कोंबतो आणि मग सणाने दमलो म्हणतो.

त्यात ठाण्याची हवा. ऑक्टोबरचं ऊन चटका देतं, पण खाडीचा दमटपणा काही हटत नाही, आणि मधूनच परतीचा पाऊस येऊन चिवड्याचे पोहे मऊ करून जातो. घोडबंदर रोडवरच्या इमारतींत कबुतरांसाठी लावलेल्या जाळीतून गॅलरीत जेमतेम सतरंजीएवढं ऊन येतं. तेवढ्यात पोहे, गाद्या आणि धुतलेले पडदे यांचं भांडण.

घाई अजिबात चालत नाही ती अनारशांना. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग फडक्यावर पसरून ओलसर असतानाच दळायचे. गूळ मिसळून गोळा डब्यात मुरत ठेवायचा. तो खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, फक्त झाऱ्याने वरून तूप उडवायचं. एवढं करून गूळ जरा जास्त झाला की अनारसा कढईत विरघळून पसरतो, म्हणजे "हसतो". सासूबाई अशा वेळी शांतपणे म्हणतात, "हसू दे, दिवाळी आहे." सणाच्या ताणावर इतका स्वस्त उतारा मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

आता चकल्या आणि अनारसे आम्ही बचत गटाच्या बायकांकडून घेतो. त्याची लाज मला वाटत नाही. त्यांच्या हाताला सवय आहे आणि चार पैसे त्यांच्या घरात जातात. घरी करंज्या मात्र करायच्याच, कारण त्या एकटीने करायच्या नसतात. एकीने लाट्या लाटायच्या, एकीने सारण भरायचं, नवऱ्याने कातण फिरवायचं, कडा नाही दाबल्या तर सारण तेलात सुटतं म्हणून कोणीतरी नुसतं लक्ष ठेवायचं. झालेल्या करंज्या सुकू नयेत म्हणून ओल्या फडक्याखाली. हात गुंतलेले असल्यामुळे फोन कोणीच उचलत नाही. जाऊबाई वर्षभर राखून ठेवलेलं सगळं त्या दुपारी बोलून घेते.

आणि हे सगळं खातं कोण? नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान होतं, कारीट फुटतं. सासर कोकणातलं, त्यामुळे त्या सकाळी मान पोह्यांचा: दूधगुळाचे, दह्याचे, बटाट्याचे. फराळाचं ताट मागे रांगेत. मुलं तर पहाटेच नवे कपडे घालून राम मारुती रोड आणि तलावपाळीच्या गर्दीत गेलेली असतात, ती परत येतात ती मिसळ खाऊन. कढईसमोर घाम गाळून केलेला चिवडा घरी डब्यात, आणि हे बाहेर रांग लावून फरसाण खाणार!

भाऊबीज झाली की चिवडा आधी संपतो, मग बेसनाचे लाडू. चकल्यांचे तुकडे लोण्याबरोबर जातात. शंकरपाळे तेवढे तुळशीच्या लग्नालाही शिल्लक असतात, आणि नंतर मुलांच्या डब्यात जाऊन तसेच परत येतात. पुढच्या वर्षी ते निम्मेच करायचे, असं मी आणि जाऊबाईंनी ठरवलंय. सासूबाईंना अजून सांगायचंय.