उंबरा साडेत्रेपन्न फुटांवर

१४ जून, शनिवार

सकाळी सातला दादाचा पुण्याहून फोन. अजून दूधही तापलं नव्हतं आणि सांगलीचं घर विकायचा त्याचा हिशेब मांडून तयार. "विश्रामबागला प्लॉट सात हजारनं जातोय. आपली जागा अकराशे पंचेचाळीस फूट. ऐंशी लाख होतात बघ. कौलारू घराचं काही धरूच नकोस, नुसत्या जागेचे ऐंशी."

नदीकाठचा आमचा जुना गावभाग आणि नव्या वस्तीचं विश्रामबाग यांत काय फरक आहे, हे त्याला कुणी सांगायला नको. याच घरातून तो सायकल मारत विश्रामबागेतल्या विलिंग्डन कॉलेजला जायचा. पण पुण्यात पंचवीस वर्षं काढली की सांगली हा नकाशावरचा एक ठिपका होत असावा, आणि ठिपक्याला दर एकच असतो. मी "बघते" म्हटलं. भांडायला माझ्याकडे आकडा नव्हता.

श्रावणात आईला जाऊन वर्ष होईल. घर बंदच असतं. मी शनिवारी जाते, दारं-खिडक्या उघडते, वारा खेळू देते, परसातला पालापाचोळा काढते. आज कपाटातून प्रॉपर्टी कार्ड काढून नीट वाचलं. १०६.४ चौरस मीटर. म्हणजे गुंठ्याहून किंचित जास्त. बाबांच्या मागची वारस नोंद लागलीय, आमची दोघांची नावं चढलीत. एवढं तरी काम आईनं मागं लागून वेळेत करून घेतलं होतं.

१५ जून, रविवार

दलाल येऊन गेला. बोळाच्या तोंडाशी गाडी लावून चालत आला आणि दारात टेकायच्या आधीच म्हणाला, "ताई, बोळ किती फुटी? आठ? मग चारचाकी नाही." इथंच निम्मा भाव त्यानं मनात वजा केला असणार.

घरात फिरला. दगडी जोतं, विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, माळ्याला सागवानी तुळया. शहाबादी फरशी दोन ठिकाणी बसलीय. मधल्या खोलीत कमरेएवढ्या उंचीपर्यंत पोपडे, हात लावला की पांढरी भुकटी बोटाला येते. त्यानं हातच लावला. "घराचं काय घेऊन बसलाय ताई, जागेचं पैसे. उलट पाडायचा खर्च घेणारा वजा करणार."

खरं तर तुळयांचे आणि कौलांचे पैसे पाडताना सुटे येतात, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याबद्दल तो बोलला नाही, मीही बोलले नाही.

बँकेचा मुद्दा मात्र त्यानं बरोबर काढला. आजोबांनी घर १९६२ साली बांधलं. त्याचा मंजूर नकाशा आमच्याकडे नाही. बँकेचा व्हॅल्युअर येईल, घराचं वय बघेल, बोळ बघेल आणि कर्जाचा आकडा इतका खाली आणेल की घेणाऱ्याला बाकीचे स्वतःच्या खिशातून घालावे लागतील. म्हणजे आपलं गिऱ्हाईक कोण, तर ज्याच्याकडे रोख आहे तो. आणि रोखवाल्याला गावभागात आठ फुटी बोळ कशाला हवा?

निघताना स्वयंपाकघराच्या चौकटीशी थांबला. तिथं बाबांनी ऑईल पेंटनं काढलेल्या पुराच्या रेघा आहेत. "ही भिंत तेवढी रंगवून घ्या," म्हणाला. "गिऱ्हाईक बघायच्या आत. खुणा दिसल्या की माणूस पायरी उतरून निघून जातंय." शेवटी त्यानं पस्तीस म्हटलं. वर "तेही मी म्हणून."

१८ जून, बुधवार

ऐंशी आणि पस्तीस. एकाच घराचे दोन भाव, आणि दोघांनीही घराकडे बघितलेलं नाही.

ऑफिसातून लवकर सुटून बोळात शिरले. शेजारपाजारी विचारत गेले की अलीकडे इथं काय काय विकलं गेलं. लोक पगार सांगत नाहीत, पण दुसऱ्याच्या घराला किती आले ते पैशासकट सांगतात.

पहिलं, विहिरीजवळचं घर, बाराशे फूट. २०२० च्या जानेवारीत सव्वीस लाखाला गेलं. म्हणजे फुटाला एकवीसशे-बावीसशे. पण ते कधी गेलं? २०१९ च्या पुराला सहा महिने व्हायच्या आत. भिंती ओल्या, म्हातारी दोघंच, मुलगा बंगळुरूला. तेव्हा त्यांनी अठरालाही दिलं असतं. याला दर म्हणायचा का?

दुसरं, कोपऱ्याच्या अलीकडचं, साडेआठशे फूट. २०२३ मध्ये चौतीस लाख, फुटाला चार हजार. दादाला सांगायला छान. पण घेणारा भिंतीला भिंत लागून असलेला डॉक्टर. त्याच्या दवाखान्याचं तोंड रस्त्याकडे आणि मागं हे घर. दोन्ही जागा एक झाल्या की त्याला रस्त्यावरचा मोठा प्लॉट मिळाला. ते घर दुसऱ्या कुणाला चार हजाराचं नव्हतंच.

तिसऱ्यावर "विकणे आहे" असा बोर्ड. तेराशे फूट, मागणी पासष्ट. दोन पावसाळे झाले, बोर्डावरचा मोबाईल नंबर पुसट होत चाललाय. मागणी म्हणजे भाव नव्हे, हे त्या बोर्डाकडे बघून कळतं.

रात्री नोंदणी खात्याच्या साईटवर सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे उतारे, काढत बसले. एक गंमत लक्षात आली. आमच्या भागातले बरेच सौदे नेमके रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या, दरालाच कसे होतात? इतका मनकवडा आमचा बोळ! म्हणजे दस्तातला आकडा धरायचा तर तो सरकारचा, लोकांच्या तोंडचा धरायचा तर तो चढवलेला किंवा पाडलेला. सरकारी दर दरवर्षी एक एप्रिलला लागतो, मुद्रांक त्यावर किंवा प्रत्यक्ष किमतीवर, जो आकडा मोठा असेल त्यावर. आठ फुटी बोळ आहे म्हणून तो दर आपणहून खाली येत नाही.

भाड्यानंही करून पाहिलं. असं घर सहा हजारानं जाईल. वर्षाचे बहात्तर हजार. चाळीस लाख किंमत धरली तर दोन टक्केही पडत नाहीत. भाड्यासाठी हे घर कुणी घेणार नाही. घेईल तो राहायला, नाहीतर शेजारच्या जागेला जोडायला.

दादाचा मेसेज: "टॅक्सचं पण बघ." बाबांच्या वडिलांचं, २००१ च्या आधीचं घर, त्यामुळे विक्रीतला नफा मोजायला १ एप्रिल २००१ ची किंमत काढावी लागेल, तीही त्या दिवसाच्या सरकारी दरापेक्षा जास्त दाखवता येत नाही. हे सी.ए.वर सोडलं. मला झोप येत होती.

२० जून, शुक्रवार

महापालिकेच्या नगररचनात गेले. आमचा सिटी सर्व्हे नंबर निळ्या आणि लाल पूररेषेच्या मध्ये पडतो. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. मध्ये असाल तर बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या वर उचलावं लागतं. खाली मोकळं पार्किंग ठेवा, म्हणाले टेबलावरचे. मी म्हटलं, साहेब, आठ फुटी बोळातून त्या पार्किंगमध्ये गाडी आणायची कुठून? ते हसले. पुढचा नंबर बोलावला.

२१ जून, शनिवार

आज घरी गेले ती टेप घेऊनच. का, ते नीट सांगता येणार नाही. दलालानं रंगवा म्हटलेली ती चौकट डोक्यातून जात नव्हती.

तीन रेघा आहेत. सर्वांत खालची २००५ ची, उंबऱ्याच्या वर जेमतेम चार बोटं. त्याच्या वर २०२१ ची, गुडघ्याच्या खाली. आणि २०१९ ची, ती थेट ओट्याच्या वर. बाबांचं अक्षर, लाल ऑईल पेंट, रेघ पट्टीनं मारलेली. माणूस शाळेत शिकवायचा, पुराच्या रेघेलाही समास सोडला आहे. २०२१ ची रेघ मात्र वाकडी, त्या वर्षी त्यांचा हात थरथरत होता.

टेप लावली. उंबऱ्यापासून २०१९ ची रेघ चार फूट. २०२१ ची सव्वा फूट.

आता आयर्विन. आमच्याकडे पाणी किती चढलं हे कुणी घरापासून सांगत नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापासून सांगतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ ला पाणी साडेसत्तावन्नच्या आसपास गेलं होतं. त्यातून चार वजा करा. साडेत्रेपन्न. २०२१ ला पंचावन्नच्या आत-बाहेर, सव्वा वजा करा, पुन्हा साडेत्रेपन्नच्या जवळ. २००५ ची चार बोटंही तिथंच नेतात.

म्हणजे आमचा उंबरा आयर्विनच्या भाषेत साडेत्रेपन्न फुटांवर आहे. पाणी पुलापासून बोळापर्यंत अगदी सपाट येत नाही, हे खरं, इंच-दोन इंचांवरून भांडू नये. पण धोका पातळी ओलांडून वर आठ फूट पाणी चढेपर्यंत या घराच्या आत थेंब येत नाही.

हे मला पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी लहानपणापासून ऐकलं ते एवढंच: गावभाग म्हणजे पाणी.

मग बाहेर आले आणि समोरच्या बंगल्याकडे बघितलं. २०१० नंतरचा, स्लॅबचा, ग्रॅनाईटचा ओटा, बाहेर स्टीलचं गेट. बाजारात आमच्या दुप्पट मागतील. त्याचा उंबरा रस्त्यापासून एक पायरी वर. आमच्या घराला आजोबांनी पाच पायऱ्या बांधल्या होत्या. रस्ता दर काही वर्षांनी वरच्या वर काँक्रीट टाकून उंच होत गेला, आता तीनच दिसतात. तरी तीन आहेत. २०२१ ला त्या बंगल्यात कमरेएवढं पाणी होतं आणि आमच्यात गुडघ्याखाली. तो सोफा रस्त्यावर वाळत घातलेला मला आठवतोय. आमचं पीठ फळीवर कोरडं होतं.

म्हणजे या बोळात घर नवं की जुनं, कौलारू की स्लॅबचं, यानं फार काही ठरत नाही. जोतं किती उंच, यानं ठरतं. आणि दर काढताना ते कुणी मोजत नाही. दलाल सगळ्या बोळाला "पूरपट्टा" म्हणून एकच चाकू लावतो, दादा सगळ्या सांगलीला एकच सात हजार.

शेजारचे काका ओसरीवर बसलेले होते. त्यांनीच विचारलं, "काय मोजतेस पोरी?" सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांना लोक हसले होते तेव्हा. पाच पायऱ्या कशाला, म्हाताऱ्या माणसानं चढायचं कसं म्हणून." आणि थोड्या वेळानं, खाली बघत, "आमच्या लेकाला खोल्या कमी पडतात. भिंत एकच आहे आपली. अडतीस देतो."

अडतीस म्हणजे फुटाला तेहतीसशे. डॉक्टरच्या चार हजाराहून कमी, पुरानंतरच्या बावीसशेहून बरेच वर. डॉक्टरला रस्ता मिळाला, काकांना नुसत्या खोल्या मिळणार आहेत, त्यामुळे त्यांचे चार हजार व्हायचे नाहीत. पण काकांचं जोतं आमच्यापेक्षा दोन पायऱ्या खाली आहे. पूर आला की सामान कुठे हलवायचं, तर आमच्याकडे. हे त्यांनाही कळतंय आणि मलाही. म्हणून चाळीसच्या खाली यायचं नाही, असं मी मनात धरलं. तोंडानं म्हटलं, "दादाशी बोलते काका."

रात्री दादाला फोन केला. ऐंशीवरून चाळीसवर येताना तो बराच वेळ गप्प राहिला. मग विचारलं, "ती चौकट अजून तशीच आहे? बाबांनी रेघा मारलेली?"

"आहे."

"रंगवलीस का?"

"नाही."

"राहू दे मग."

उद्या सकाळी दहाला काका त्यांच्या लेकाला घेऊन घर बघायला येणार आहेत. लहानपणापासून बघितलेलं घर पुन्हा बघायला येणार, तेव्हा मोजायलाच येणार. टेप मी ओट्यावर ठेवून आलेय.