पाटीवर नसलेले दहा

मे महिन्यात नागपुरात दुपारी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मी कूलरसमोर बसून ८०८५ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसर चिपचा इम्युलेटर, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, लिहितोय. कशासाठी, हे घरच्यांनी विचारून झालंय.

आमच्या वेळी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला माणूस ८०८५ चा डिले लूप, म्हणजे वेळ काढायला नुसता मोजत बसणारा कोड, झोपेतही लिहील. डीसीएक्स बी केलं, म्हणजे बीसी या रजिस्टर जोडीतून एक वजा केला, तरी 'शून्य आलं' सांगणारा झिरो फ्लॅग ढिम्म हलत नाही. म्हणून बी उचलून ए मध्ये घ्या, सी शी ओआरए (ऑर) करा, मग जेएनझेड, म्हणजे शून्य नसेल तर मागे उडी. एवढी कसरत कशाला, असं विचारलं की सर म्हणायचे, "असंच असते ते, लिही चुपचाप!"

आणि चिपच्या पोटात सोपी वाट १९७६ पासूनच होती. एका बाइटचे कोड २५६, इंटेलनं सांगितले २४६. उरलेल्या दहांतला एक डीडी (हे कोड सोळाच्या अंकपद्धतीतले). डीसीएक्स करता करता बीसी शून्याखाली जाऊन एफएफएफएफ (सगळे बिट एक) झाली की फ्लॅग रजिस्टरच्या पाचव्या बिटातला, पुस्तकात नसलेला फ्लॅग एक होतो. तोवर डीडी मागे उडी मारत राहतो. तीन सूचनांचं काम एकीत! (लूप एक फेरी जास्त फिरतो, तेवढं चालायचंच.) दुसरा ०८, एचएल या दुसऱ्या जोडीतून बीसी थेट वजा करणारा. पोह्याच्या ठेल्यावर पाटीवर तर्री नसते, पण मागितली की मिळते. इथे मागायचं असतं हेच कुणी सांगितलं नाही. पुढच्या ८०८६ चिपला हे सगळं निभवावं लागू नये म्हणून इंटेल गप्प बसली, असं म्हणतात. १९७९ साली वापरणाऱ्यांनीच हे कोड हुडकून मासिकात छापले.

इम्युलेटरवाल्याची फजिती वेगळीच. आधीच्या ८०८० चिपचा कोडचा तक्ता जसाच्या तसा उचलला, तर ०८ म्हणजे 'काही करू नका' आणि डीडी म्हणजे चक्क कॉल. माझं मत सरळ आहे: पुस्तक काहीही म्हणो, चिप करते ते खरं. म्हणून माळ्यावरचं ८०८५ चं सरावाचं किट काढलं. बीसीत शून्य, डीसीएक्स बी, पुश पीएसडब्ल्यू (ए आणि फ्लॅग स्टॅकवर), पॉप बी (तेच बीसीत), मग सी मेमरीत. कीपॅडवर पत्ता दाबला, लाल आकडे उमटले, पाचवा बिट एक. वा!

आता त्या दहांतला राहिलाय सीबी. ओव्हरफ्लो असेल, म्हणजे उत्तर मावलं नसेल, तरच तो ००४० या पत्त्यावर जातो, आणि तिथे किटचा मॉनिटर रॉम (किट चालवणारा, न बदलणारा प्रोग्रॅम) ठाण मांडून आहे. म्हणजे स्वतःची ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी चिप) बर्न करणं आलं. ईप्रॉम आहे, प्रोग्रॅमरवाला मित्र लग्नाला वर्ध्याला गेलाय.