चौथा प्रश्न विचारायचा नाही

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मी क्वालिटी बघतो. म्हणजे दिवसभर व्हर्निअर आणि गेज घेऊन नगातली खोट शोधायची, सापडली की लाल टॅग लावायचा. इतकी वर्षं हेच केल्यावर घरीही डोळा तसाच चालतो. वरणात मीठ कमी, पंख्याचा आवाज, मुलाचं अक्षर. अशा माणसाला कुणीतरी सांगितलं, रोज झोपताना तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहीत जा, मन शांत होतं. लिहिल्या. घर, नोकरी, तब्येत. दुसऱ्या दिवशी तब्येत, घर, नोकरी. मस्टरवर सही ठोकावी तसं.

वही बंद पडल्यावर वाचनात आलं की रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांच्या कृतज्ञतेवरच्या २००३ सालच्या गाजलेल्या अभ्यासातल्या एका प्रयोगात लोकांना आठवड्यातून एकदाच लिहायला सांगितलं होतं. सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगात तर आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा एकदा लिहिणाऱ्यांना जास्त फरक जाणवला. रोजच्या रोज आभार मानले की ते शिळे होतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, पण बरं वाटलं.

इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर ध्यानाच्या शिबिराला मी गेलो तो पाठदुखी आणि चिडचिड घेऊन. कृतज्ञता वगैरे डोक्यात नव्हती. पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, चौथ्या दिवसापासून अंगभर संवेदना. बोलायचं नाही, वाचायचं नाही, फोन नाही. मला प्रकाशबिकाश काही दिसला नाही. पाय मात्र भरपूर दुखले.

लक्षात राहिलं ते जेवण. तिथे राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानातून सगळं चालतं, आणि रांधणारे, वाढणारे बरेचसे सेवकही जुने साधकच, बिनपगारी. माझ्या ताटातल्या भाताचे पैसे कुणी भरले असतील? जळगावचा शिक्षक असेल, मुंबईची नर्स असेल. कळायला मार्गच नाही. परतफेड करावी तर कुणाची? शेवटी आपण जे काही देतो तेही आपल्या जेवणाचं बिल नसतं, पुढच्या येणाऱ्यासाठी असतं. त्या आमटीत मीठ कमी होतं की जास्त, हे मला आजही आठवत नाही, आणि माझ्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे.

घरी आल्यावर सकाळची तासभर बैठक शिफ्ट सांभाळून टिकली. संध्याकाळची टिकली नाही. त्यातच जपानमधल्या 'नाइकान' या पद्धतीची माहिती मिळाली. योशिमोतो इशिन नावाच्या गृहस्थांनी विसाव्या शतकात ती बसवली. एकेका माणसाला समोर धरून तीनच प्रश्न विचारायचे: याच्याकडून मला काय मिळालं, मी याला काय दिलं, माझ्यामुळे याला काय त्रास झाला. याच्यामुळे मला काय त्रास झाला, हा चौथा प्रश्न मुद्दाम ठेवलेलाच नाही. माझी सगळी नोकरी त्या चौथ्या प्रश्नावर चालते! म्हणूनच करून बघायचं ठरवलं. आणि रोज नाही, ऋतू बदलताना एकदा. एका दिवसात काही हलत नाही, वर्ष हाताबाहेर जातं. दोन महिन्यांत काहीतरी येऊन जाण्याइतका वेळ असतो. विपश्यनेत दुसरं काही मिसळू नये असं तिथे बजावून सांगतात, म्हणून बैठक संपवून, उठून, चहा घेऊन मगच वही उघडायची.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून जातो. गर्दी व्हायच्या आत. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे: विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, तीन हजार कार्षापण नाण्यांची कायमची ठेव, आणि तिच्या व्याजातून इथे राहणाऱ्या भिक्षूंचा चीवराचा, म्हणजे वस्त्रांचा, वगैरे खर्च. पुढच्या पावसाळ्यात कोण भिक्षू येणार हे त्यालाही माहीत नव्हतं. व्याजाचा दरसुद्धा दगडात कोरून ठेवलाय, हे मला मोजमापाच्या धंद्यातला माणूस म्हणून फार आवडतं.

पहिली वही उघडली ती वर्षा ऋतूची. पाणी मिळालं, हे लिहायला सोपं. पण त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात पडलेला पाऊस गंगापूर धरणात येतो, तिथून आमच्या नळाला येतो, आणि धरण भरलं की तोच पाऊस गोदाघाटावर उतरतो. आपण सगळे घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आलं ते फोनवर बघत असतो आणि खाली दुकानदार रात्रीतून माल वर चढवत असतात. मी दोन्ही लिहिलं. नुसता 'पावसाचे आभार' असा कागद माझ्याच्याने पास झाला नसता. मग प्रश्न आला, पाणी माझ्या टाकीत चढतं ते कुणामुळे? पहाटे किल्ली घेऊन येतो तो वॉल्व्हमन. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन त्याला म्हटलं, "दादा, रोज वेळेवर सोडता, बरं वाटतं." तो दचकलाच. "का हो, आज प्रेशर कमी आलं का?" त्याच्याकडे येणारा प्रत्येक माणूस तक्रारच घेऊन येत असणार.

शरद, हेमंत असेच गेले. डबा, शेजारी, एका जुन्या साहेबांची आठवण. खरी अडचण शिशिरात आली, कारण शिशिरात द्राक्षं येतात.

निफाड तालुक्यात आमचा मळा आहे. मोठा भाऊ, दादा, तो करतो. मी नोकरीला शहरात आलो, तो राहिला. दर वर्षी माघ-फाल्गुनात त्याच्याकडून थॉमसन द्राक्षांचा क्रेट येतो. काय मिळालं? क्रेट. पेन तिथेच अडकलं. कारण क्रेटच्या मागे ऑक्टोबरची छाटणी, पेठ-सुरगाण्याहून येणारी मजुरांची टोळी, विरळणी, निफाडचा पारा उतरला की पहाटे बागेत पेटवलेल्या शेकोट्या. आणि त्याच्याही मागे आई. शेवटची वर्षं ती अंथरुणावर होती तेव्हा तिचं सगळं दादाने आणि वहिनीने केलं. मी रविवारी फळं घेऊन जायचो. क्रेट फोडून मी मात्र म्हणायचो, "यंदा मणी बारीक आहेत रे."

उपकाराची आठवण झाली की मला आधी ओशाळायला होतं, आणि ओशाळलेला माणूस आभार मानत नाही, टाळतो. हे मला वहीने नाही, बैठकीने दाखवलं. दादाचा विचार आला की छातीत काहीतरी आवळायचं. एरवी मी उठून गेलो असतो. बघत बसलो. ते आवळणं कधी वाढायचं, कधी सरकायचं, आणि त्याच्याखाली साधा आनंदही होता की आईला शेवटी घर मिळालं, दवाखाना नाही. आनंद आधी दिसला असता तर मी कधीच बोललो असतो.

चैत्रात द्राक्षाच्या खरडछाटणीला मळ्यात गेलो. दादाने माझ्या हातातली कात्री बघितली आणि म्हणाला, "तू क्वालिटी बघ, छाटणी आम्ही करतो." तरी करू दिली. दुपारी बांधावर बसल्यावर सांगू लागला: आता छाटल्यावर जी काडी फुटेल, तिच्या डोळ्यात उन्हाळ्यातच पुढच्या वर्षीचा घड ठरतो. दिसत काही नाही, पण ताण बसला, पाणी चुकलं, तर ऑक्टोबरात कितीही औषध मार, घड येत नाही. म्हणजे माघात मी जे खातो ते आदल्या वैशाख-ज्येष्ठातलं असतं. इतकी वर्षं शेतकऱ्याचा मुलगा म्हणवून घेतो आणि हे मला नीट माहीत नव्हतं.

तिथेच म्हणालो, "दादा, आईचं तू आणि वहिनींनी केलं, ते मी कधी बोललो नाही."

"मग आता कशाला बोलतो," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "तुझी वहिनी चिडली होती तुझ्यावर. तिला सांग." वहिनींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुष्कळ सुनावलंही. चौथा प्रश्न विचारायचा नाही हा नियम माझ्यापुरता आहे, त्यांच्यावर लागू नाही.

वसंताच्या पानावर या वेळी टोळीच्या मुकादमाचं नाव आहे. दादाला फोन करून विचारून घेतलं. सुरगाण्याकडचा आहे, वर्षानुवर्षं येतोय. 'मिळालं' या रकान्यात बरंच भरलं. 'दिलं' हा रकाना रिकामा आहे. टोळी ऑक्टोबरात येते, तेव्हा रजा टाकून जाणार आहे.