आठ वारस आणि एक सामाईक भिंत

बंद घराविरुद्ध तक्रार येते तेव्हा मागणी बहुधा एकच असते: पाडून टाका. त्या घराबद्दलही गल्लीतल्या लोकांच्या सह्यांचा तसाच अर्ज होता. रात्री कोणीही आत शिरतं, कचरा साठलाय, एकदा आगही लागली होती. धोकादायक इमारतींचं काम पाहणारा अभियंता म्हणून पोलीस आणि दोन पंचांना घेऊन मी तिथे गेलो. जुन्या पत्त्यांवर पाठवलेल्या नोटिसा परत आल्या होत्या, म्हणून पंचांसमक्ष कुलूप तोडलं.

आत घर बऱ्यापैकी शाबूत निघालं. पाया खचलेला नव्हता, भिंतींना मोठी चीर नव्हती. नुकसान सगळं वरून आलेलं. गच्चीवरचं पाणी वाहून नेणारा पाइप तुंबला होता, पाणी साचत राहिलं, एका कोपऱ्यात स्लॅबमधल्या सळ्या गंजून फुगल्या आणि काँक्रीटचे पोपडे सुटले. कोणी राहत असतं तर तो पाइप एका सकाळीच मोकळा झाला असता. रिकामं घर ढासळतं ते बहुतेक अशाच क्षुल्लक गोष्टींनी, आणि याचंच मला दर वेळी वाईट वाटतं.

शेजारच्या आजी दारातच उभ्या होत्या. "साहेब, एकदाचं पाडा हो. माझ्या भिंतीची ओल काही जात नाही."

ती भिंत सामाईक होती. मी म्हटलं, "आजी, ते घर पाडलं तर तुमच्या भिंतीचा आधार जाईल आणि पाऊस थेट तिच्यावर येईल."

"मग आम्ही असंच सोसायचं का?"

प्रश्न रास्त होता. पाडणं आणि सोडून देणं यांच्या मधली वाट असते. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने २०११ मध्ये रिकाम्या इमारतींच्या मालकांना फळ्या ठोकून न भागवता खरी, चालती दारं-खिडक्या बसवायची सक्ती सुरू केली. नंतरच्या अभ्यासात, जिथे ती बसवली त्या इमारतींच्या आसपास हल्ल्यांचे गुन्हे घटलेले दिसले. त्याच शहरात ५४१ रिकाम्या भूखंडांचा प्रयोग झाला. काही भूखंड साफ करून तिथे गवत आणि झाडं लावली, तेव्हा सर्वांत गरीब वस्त्यांत बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी कमी झाला. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

पंचनामा लिहीत असतानाच वारसांपैकी एक जण धावत आला. गल्लीतल्या कोणीतरी फोन केला होता. आजोबांच्या नावावरचं घर, आता वारस आठ, वाटणीचा दावा कोर्टात. "साहेब, मी एकट्याने दुरुस्ती केली तर बाकीचे म्हणतील, घर बळकावलं."

माझ्या मते प्रश्नाचं मूळ इथे आहे. घराची काळजी घेणाऱ्यावरच संशय येणार असेल तर कोण हात लावेल? अमेरिकेतल्याच मिशिगन राज्याने यावर कायद्याने तोड काढली: १९९९ मध्ये कर थकलेल्या मालमत्तांच्या जप्तीची मुदत कमी केली आणि २००३ मध्ये लँड बँकांना, म्हणजे अशा मालमत्ता ताब्यात घेऊन मार्गी लावणाऱ्या सरकारी संस्थांना, मालकी हक्क निर्वेध करून घर पुढे देण्याचा अधिकार दिला. पण झटपट जप्तीत राहती घरंही जातात, तिथल्या डेट्रॉइट शहरात गरीब कुटुंबांची तशी गेलीच. म्हणून रिकामं घर आणि थकबाकीत अडकलेलं राहतं घर यांना एकच नियम लावणं मला मान्य नाही.

अहवालात मी लिहिलं: पाडू नये. कचरा काढावा, पाइप मोकळा करावा, स्लॅबचा कोपरा दुरुस्त करावा, दारं-खिडक्या बसवाव्यात आणि खर्चाचा बोजा मालमत्तेवर चढवावा. आदेश सरकारी असल्यामुळे दुरुस्तीला कोणी कब्जा म्हणू शकत नाही, हे त्या वारसाला समजावलं, तेव्हा त्याने लगेच सही केली.

पावसाच्या आधी कामं उरकली. दावा चालूच आहे. बोजा सगळ्यांच्या हिश्शाला लागल्यामुळे आठही जण पहिल्यांदा एका बैठकीला आले. चौघांना विकायचंय, दोघांना भाड्याने द्यायचंय, दोघांनी वेळ मागून घेतलाय.