मुख्य परीक्षा आणि माझी अर्धशिशी

१७ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी सव्वाचारच्या सुमारास, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर लिहिताना मी पेन खाली ठेवले आणि कपाळ बाकावर टेकवले. वीसपैकी पाच प्रश्न कोरे होते. त्यातले चार पंधरा गुणांचे आणि एक दहा गुणांचा, म्हणजे अडीचशेपैकी सत्तर गुण मी न लिहिताच सोडून दिले. त्या घटकांवर वर्षभर काढलेली टिपणे मला पानांसकट आठवत होती. पण उजव्या डोळ्यामागे घणाचे घाव पडत होते, समोरची ट्यूबलाइट सहन होत नव्हती आणि मान वर केली की पोटातून उमासा येत होता.

हे मी आज लिहिते आहे, कारण परीक्षेच्या तोंडावर मला अनेक मुलामुलींचे एकच विचारणे येते: डोके दुखून मळमळायला लागले तर हॉलमध्ये काय करायचे? त्याचे उत्तर मी पुढे देणारच आहे. पण हॉलमध्ये करण्यासारखे फार थोडे असते आणि जे करायचे ते बहुतेक सगळे तीन-चार महिने आधी करायचे असते, हे मला एक प्रयत्न गमावल्यानंतर कळले.

आमच्या घरी या दुखण्याला कधीच डोकेदुखी म्हटले गेले नाही. आठवीपासून मला महिन्यातून दोन-तीनदा हा त्रास व्हायचा आणि आई म्हणायची, ‘पित्त झालंय, एकदा पडलं की बरं वाटेल.’ खरोखरच उलटी झाली की थोड्या वेळाने डोके उतरायचे, त्यामुळे त्या निदानावर शंका घेण्याचे कोणाला कारण नव्हते. मोरावळा, कोकम सरबत, सूतशेखर, कपाळावर सुंठीचा लेप, सगळे झाले. गावच्या डॉक्टरांनीही अनेकदा पित्ताचेच इंजेक्शन दिले. आईने जे केले ते मायेने केले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु मळमळ आधी दिसते म्हणून दोष पोटाचा, असे धरून चालल्यामुळे माझी दहा-बारा वर्षे चुकीच्या अवयवाची काळजी घेण्यात गेली. माझ्या मते आपल्याकडे ज्यांना ‘पित्ताची डोकेदुखी’ आहे त्यांच्यापैकी पुष्कळांना प्रत्यक्षात अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, असते.

त्या पहिल्या मुख्य परीक्षेच्या दिवशी मी काय काय केले ते आता आठवले की अंगावर काटा येतो. आदल्या दिवशी निबंधाचा पेपर झाला होता आणि त्या रात्री मी जेमतेम तीन तास झोपले. पहाटे डोंबिवलीहून मावशीच्या घरून निघाले, लोकलमध्ये उभ्याने आले, भीतीने घास उतरत नव्हता म्हणून नाश्ता टाळला आणि केंद्राबाहेर लागोपाठ तीन चहा घेतले. नऊ ते बारा पहिला पेपर झाला. बाराला डोके जड झाले तेव्हा रिकाम्या पोटी साधी वेदनाशामक गोळी घेतली आणि वीस मिनिटांत ती उलटून पडली. दोनला पुन्हा हॉलमध्ये बसले तेव्हा अंगात औषध नव्हते, अन्न नव्हते आणि पाणीही नव्हते. शिवाय पाळी दोन दिवसांवर होती, याकडे तर माझे लक्षच गेले नव्हते.

नोव्हेंबरमध्ये पुण्यात मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी अर्धा तास फक्त प्रश्न विचारले: दुखणे एका बाजूला असते का, ठणकते का, जिना चढल्यावर वाढते का, उजेड आणि आवाज नकोसा होतो का, दुखण्याआधी डोळ्यांसमोर काही चमकते का. सगळ्यांची उत्तरे होकारार्थी होती. ताणामुळे होणारी साधी डोकेदुखी डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी असते आणि तिच्यात सहसा उलटी होत नाही. अर्धशिशीचा झटका मात्र उपचार न केल्यास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकू शकतो. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट ऐकून मला त्या शनिवारच्या दुपारचा उलगडा झाला. झटका सुरू झाला की जठराचे काम मंदावते आणि पोटातले पदार्थ पुढे सरकत नाहीत. त्याच्या जोडीने मळमळतेही आणि म्हणूनच उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते, रक्तात वेळेवर पोहोचत नाही. माझी गोळी कमी ताकदीची नव्हती, ती अडकून पडली होती. त्यामुळे मळमळ थांबवणारी आणि जठराला चालना देणारी गोळी वेदनाशामकाबरोबर, आणि तीही अगदी सुरुवातीलाच घ्यायची असते.

मला त्यांनी तीन गोष्टी दिल्या. झटके मुळात कमी व्हावेत म्हणून रोज घ्यायची प्रोप्रॅनोलॉलची गोळी. झटक्याची चाहूल लागताच नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक आणि डोम्पेरिडोन ही मळमळीवरची गोळी. आणि दुखणे प्रत्यक्ष सुरू झाले की सुमाट्रिप्टान ही खास अर्धशिशीवरची गोळी. ही नावे मी केवळ माझी हकीकत पूर्ण व्हावी म्हणून लिहिते आहे, ती वाचून कोणी औषधाच्या दुकानात जाऊ नये. दमा असलेल्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही आणि हृदयविकार असलेल्याला सुमाट्रिप्टान देत नाहीत. माझ्या अभ्यासिकेतली एक मुलगी रोज सकाळी चहाबरोबर डोकेदुखीची गोळी घ्यायची आणि तरी तिचे डोके रोज दुखायचे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि सुमाट्रिप्टानसारख्या ट्रिप्टान गटातल्या गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, अशा काही महिने सतत घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये हे मोठ्या अक्षरांत लिहून लावले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

डिसेंबरपासून मी डोकेदुखीची वही ठेवली. साधी शंभर पानी वही. तारीख, झोप किती, जेवण केव्हा, चहा किती, पाळीचा कितवा दिवस, दुखणे केव्हा सुरू झाले, काय घेतले आणि केव्हा उतरले. चार महिन्यांत तिने मला जे दाखवले ते कुठल्याही पुस्तकात मिळाले नसते. उशिरा झोपले तर त्रास व्हायचाच, पण रविवारी दोन तास जास्त झोपले तरी व्हायचा. सकाळचा चहा अकरापर्यंत लांबला की दुपारी डोके धरायचे, कारण कॅफिनची सवय झालेल्या शरीराला ते वेळेवर मिळाले नाही तर तेही दुखण्याचे निमित्त होते. पाळीच्या आधीचे दोन दिवस सर्वांत धोक्याचे होते. चीज किंवा चॉकलेट यांचा मला काहीही संबंध आढळला नाही, मात्र उपास केलेल्या प्रत्येक एकादशीपुढे फुली होती.

जूनपासून मी त्या वहीप्रमाणे दिवस आखला. रोज साडेदहाला झोप आणि साडेपाचला उठणे, सुटीच्या दिवशीसुद्धा. चहा दिवसाला दोनच, तेही ठरलेल्या वेळी. ही संख्या मी जूनभर हळूहळू खाली आणली, परीक्षेच्या आठवड्यात अचानक तोडली नाही. सराव पेपर नेहमी नऊ ते बारा आणि दोन ते पाच याच वेळात लिहिले. सात वाजता मऊ भात, तूप आणि मेतकूट. साडेबाराला थोडा दहीभात. नव्वद दिवस तेच खाल्ल्याने भीतीच्या दिवशीही ते घशाखाली उतरते, कारण तोंडाला त्याची ओळख असते. औषधांचीही तालीम केली. सुमाट्रिप्टानने मला पेंग येते का, हात जड होतो का, हे मी जुलैमधल्या एका सराव पेपरात झटका आला तेव्हाच पाहून घेतले. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा कोणतीही गोळी घेऊ नये; मळमळीवरच्या काही गोळ्या अशा गुंगी आणतात की डोके दुखलेले परवडले असते असे वाटावे.

आणि आजारी दिवसाचा वेगळा आराखडा तयार केला. वीस प्रश्नांना १८० मिनिटे म्हणजे सरासरी नऊ मिनिटे. दुखणे सुरू झालेच तर मी २५० शब्दांचे उत्तर दीडशे शब्दांत मुद्द्यांनी लिहीन, पण एकही प्रश्न कोरा ठेवणार नाही, असे ठरवून त्या पद्धतीने दोन पूर्ण पेपर लिहूनही पाहिले. घरच्यांना हे अशुभ वाटले. ‘आधीच कशाला दुखण्याचं नाव घेतेस?’ असे आजी म्हणाली. मला मात्र ते नाव घेतल्यानेच धीर आला.

२०२३ची मुख्य परीक्षा १५ सप्टेंबरला सुरू झाली. पहिले तीन दिवस परळला मैत्रिणीकडे राहिले, म्हणजे लोकल टळली. रोज हॉलमध्ये शिरताच पर्यवेक्षकांना सांगायचे की मला अर्धशिशीचा त्रास आहे, औषध आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आहे, ती बाकावर ठेवू का. तिन्ही दिवशी परवानगी मिळाली. बसण्याआधी खिशात एक घडी घातलेली पिशवी ठेवायची. ती एकदाही वापरावी लागली नाही, पण ती आहे हे ठाऊक असल्यामुळे ‘इथेच उलटी झाली तर’ हा विचार मनात ठाण मांडून बसला नाही.

१७ तारखेला, बरोबर एक वर्षाने, तिसऱ्या पेपरात साधारण दहा वीसला मी सहाव्या प्रश्नाचे उत्तर लिहीत होते आणि नुकत्याच लिहिलेल्या ‘धोरण’ या शब्दातला ‘र’ मला दिसेना. ‘धो’ दिसत होते, ‘ण’ दिसत होता, मध्ये एक चकाकणारे भोक होते. नजर हलवली की तेही हलायचे आणि हळूहळू त्याला नागमोडी कड फुटली. झटक्यापूर्वीच्या या दृष्टिभ्रमाला डॉक्टर ऑरा म्हणतात. तो सहसा तासाभराच्या आत ओसरतो आणि मग दुखणे सुरू होते. छातीत धस्स झाले, पण हातांना काम माहीत होते. पहिल्या दोन गोळ्या घोट घोट पाण्याबरोबर घेतल्या. दीड मिनिट पेन ठेवून, डोळे मिटून, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला दुप्पट वेळ दिला. अक्षरे नीट वाचता येत नव्हती म्हणून आधी वाचून ठेवलेल्या प्रश्नांकडे वळले आणि ज्यात आकृती काढता येत होती ते उत्तर प्रथम घेतले. मान झटकन वर-खाली केल्याने उमासे वाढतात, म्हणून प्रश्नपत्रिका आणि उत्तराची जागा शेजारी शेजारी राहील अशी पुस्तिका सरकवून घेतली. पाऊण तासाने डोळ्यामागे ठणका सुरू झाला तेव्हा तिसरी गोळी घेतली. दुखणे थांबले नाही, पण सहन करण्याजोगे राहिले, आणि उलटी झाली नाही. बाराला वीसही उत्तरे लिहून झाली होती. शेवटची सात तोकडी होती, तरी ती कागदावर होती.

दुपारच्या सुटीत मी गप्पांत गेले नाही. जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून चाळीस मिनिटे पडून राहिले, मग अर्धा डबा दहीभात खाल्ला. नीतिशास्त्राचा पेपर पूर्ण लिहिला.

येथे एक गोष्ट मध्येच, पण जोर देऊन सांगते. आयुष्यात पहिल्यांदाच असे काही होत असेल, दुखणे क्षणात विजेसारखे शिगेला गेले असेल, ताप येऊन मान आखडली असेल, हातापायातली शक्ती गेली असेल किंवा बोलणे अडखळत असेल, तर ही अर्धशिशी समजू नये. पेपर सोडून थेट रुग्णालयात जावे. परीक्षा पुढच्या वर्षी पुन्हा असते.

१९ तारखेला गणपती बसले. लालबाग-परळमध्ये त्या आठवड्यात झोप मिळणे शक्य नव्हते, म्हणून उरलेल्या दोन दिवसांसाठी मुलुंडला मामांकडे जाण्याचे ऑगस्टमध्येच ठरवून ठेवले होते. भाषांचे पेपर २३ला, वैकल्पिक विषयाचे २४ला. २३ला गौरींचे विसर्जन असल्याने मुलुंडमध्येही संध्याकाळी ढोल-ताशे होतेच. कानांत बोळे घालून साडेदहाला झोपले.

२४ तारखेचे पेपर निर्वेध झाले. पाच वाजता पुस्तिका दिली तेव्हा डोके स्वच्छ होते. पण ताण उतरल्यानंतरच्या काही तासांत झटका येण्याचा माझा जुना परिपाठ वहीत नोंदलेला होता आणि म्हणून त्या रात्रीच्या गोळ्या मी वेगळ्या पुडीत ठेवल्या होत्या. साडेसातला मुलुंडच्या घराचा जिना चढताना उजव्या डोळ्यामागे पहिली कळ आली. मामांकडे आरतीची तयारी चालली होती. मी मामींना तेवढे सांगितले आणि आतल्या खोलीत गेले. त्यांनी दिवा न लावता पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला, दार लोटून घेतले आणि बाहेर मुलांना झांजा हळू वाजवायला सांगितले.