आमची वाटचाल: जुळणीची वही

१९९८ साली गणपतीच्या आधी आम्ही दुकानांतले काटे, प्रिंटर आणि कॉम्प्युटर एकमेकांशी जुळवून द्यायचा धंदा सुरू केला, तेव्हा भांडवल म्हणजे एक सोल्डरिंग आयर्न, एक मल्टीमीटर आणि खाटेखालच्या पेटीत शंभरेक डीबी-९ कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाला लावायचे नऊ पिनांचे जोड. ठाकूरद्वारची चाळीतली खोली हेच ऑफिस. त्याआधी सहा वर्षं मी लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करत होतो. तिथे रोज एक भांडण माझ्यासमोर व्हायचं. दुकानदाराने कॉम्प्युटर एकाकडून घेतलेला, प्रिंटर दुसऱ्याकडून, वजनकाटा तिसऱ्याकडून. तिन्ही वस्तू आपापल्या जागी उत्तम चालायच्या, पण एकमेकींना जोडल्या की चालायच्या नाहीत. मग प्रत्येक विकणारा सांगायचा, "आमचा माल ठणठणीत आहे, दुसऱ्याला विचारा." आणि तिघंही खरंच बोलत असत. गिऱ्हाईक मात्र मधल्यामध्ये अडकायचं. ही मधली जागा आपण धरायची, असं मी आणि बायकोने ठरवलं. सोल्डरिंगचा हात तिचा माझ्यापेक्षा चांगला, त्यामुळे केबली ती करायची आणि दुकानोदुकानी मी फिरायचो.

पहिलं काम गिरगावातल्याच एका मसाल्याच्या दुकानाचं. दुकानाचे मालक, आम्ही त्यांना काका म्हणायचो, मला म्हणाले, "अरे, काट्याला मागे एवढं भोक दिलंय ते कशासाठी? वजन बघायचं, लिहायचं, परत कॉम्प्युटरवर मारायचं. पोरगं सव्वा किलोचं सव्वादोन मारतं." दुकानात फॉक्सप्रोमध्ये केलेला डॉसवरचा बिलिंग प्रोग्रॅम होता. मी केबल केली, दोन आणि तीन नंबरच्या पिना उलटसुलट, पाच नंबर ग्राउंड, आणि लावली. स्क्रीनवर आधी नुसता कचरा. वेग जुळवला, पॅरिटी (अक्षर नीट पोचलं का ते तपासायची खूण) जुळवली, तेव्हा आकडे दिसले. काट्यावर भाजणीची पिशवी, डिस्प्लेवर १.२५०, आणि कॉम्प्युटर दाखवत होता ०५२.१. म्हणजे बावन्न किलो भाजणी!

दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग लक्षात आलं की हा काटा आकडे शेवटाकडून पाठवतो. ०५२.१ उलटं वाचलं की १.२५०. काटा बिघडलेला नव्हता, करणाऱ्याने त्याला तसंच बोलायला शिकवलं होतं. काट्याच्या मागच्या त्या सीरियल पोर्टचं आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं, पण ते तारेतून विजेचे संकेत कसे जायचे एवढंच ठरवतं. त्या संकेतांतून वजन कसं सांगायचं, ते काटा बनवणाऱ्यावर. कोणी सतत पाठवत राहतो, कोणी मागितल्यावरच देतो, कोणी वजन स्थिर झाल्याशिवाय तोंड उघडत नाही. आणि काटा उघडून आत काही बदलायची सोय नाही. त्यावर वैधमापन खात्याचं सील असतं, दर वर्षी पडताळणी होते, ते सील तोडायचं नाही म्हणजे नाही. काटा जे बोलतो ते आपण समजून घ्यायचं. त्या रात्री बायकोने शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: काट्याचं मॉडेल, वेग, पॅरिटी, "आकडे उलटे", आणि पुढे केबलचं चित्र. आज वहीचा सातवा खंड चालू आहे.

पुढची काही वर्षं भराभर गेली. डॉटमॅट्रिक्सची जागा थर्मल प्रिंटरने घेतली, बारकोड स्कॅनर आले, २००६ मध्ये भांडुपला गाळा घेतला, दोन मुलं कामाला ठेवली. थर्मल प्रिंटर बहुतेक सगळे एपसनने आखलेल्या ईएससी-पीओएस आज्ञा मानतात, निदान खोक्यावर तसं छापलेलं असतं. अक्षरं छापण्यापुरतं ते खरं असतं. कागद कापणं आणि गल्ला उघडणं इथे फरक निघतात. गल्ल्याची वायर प्रिंटरच्या मागे टेलिफोनसारख्या जॅकमध्ये जाते. जॅक दिसायला सगळीकडे सारखाच, आतल्या पिनांचा क्रम मात्र प्रत्येकाचा वेगळा असू शकतो, आणि काही गल्ले १२ व्होल्टचे तर काही २४ चे. जॅक बसला म्हणून लावायचा नाही, आधी मीटर लावायचा. गाळ्यात नवीन आलेल्या मुलाला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो.

कॉम्प्युटरला मागे सीरियल पोर्ट येणं बंद झालं, तेव्हापासून यूएसबीचा कन्व्हर्टर (सीरियल वायर यूएसबीला जोडणारं साधन) आमच्या पिशवीत कायमचा आला. त्यातल्या स्वस्त चिपना स्वतःचा सिरियल नंबर नसतो. मग झाडलोट करताना कुणी वायर काढून शेजारच्या भोकात घातली की विंडोज तिला नवीन नंबर देतं, कॉम ३ चा कॉम ७ होतो आणि दुकानातून फोन येतो, "काटा मेला." आम्ही आमच्या प्रोग्रॅमलाच शिकवलं की ठरलेल्या नंबरावर काटा सापडला नाही तर सगळे पोर्ट चाचपून बघ. निम्मे फोन तिथेच थांबले.

२०१३ मध्ये आमच्यासारख्याच काही जणांनी मिळून व्हॉट्सॲपवर ग्रुप केला. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, सगळे याच कामातले. काट्याच्या मागचा फोटो टाकायचा, विचारायचं, कुणीतरी सांगायचं. तो ग्रुप नसता तर २०१४ च्या दिवाळीत आमचं दुकान बंद झालं असतं, हे मी अतिशयोक्ती न करता लिहितो आहे.

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. फराळाच्या दुकानांत उभं राहायला जागा नाही, आणि दादरहून फोन आला की काटा वजन देत नाही. पिशवीतला नवा कन्व्हर्टर लावला. कॉम्प्युटरने तो क्षणभर ओळखला आणि सोडून दिला. दुसरा लावला, तोही गेला. गेलेले दोन्ही दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहिले, तिथेही ओळख नाही. समोर अनारशांचा ट्रे घेऊन मालकीणबाई उभ्या, रांग रस्त्यापर्यंत, आणि माझ्या हातात दोन मेलेल्या वायरी. संध्याकाळपर्यंत गिरगाव, लालबाग, मुलुंड, तीच तक्रार.

रात्री ग्रुपवर लिहिलं. पावणेबाराला पुण्याच्या एका मित्राचं उत्तर आलं: "डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रॉडक्ट आयडी बघा. शून्य झालाय का?" झाला होता. हा आकडा बघूनच कॉम्प्युटर चिप ओळखतो. विंडोजच्या अपडेटबरोबर एका चिप कंपनीचा नवा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला चिपशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम) आला होता आणि त्याला नकली चिप सापडली की तो तिचा आयडी पुसून शून्य करत होता. जगभर तेच झालं होतं. आम्ही ज्या चिप असली समजून घेतल्या होत्या, त्या नकली निघाल्या. त्या मित्राने उपायही सांगितला: जुना ड्रायव्हर असलेलं, नेटला न जोडलेलं विंडोज एक्सपीचं मशीन घ्या, चिपचा आयडी त्यावर परत लिहा आणि गिऱ्हाइकाच्या मशीनवर जुनाच ड्रायव्हर ठेवा. गाळ्यात कोपऱ्यात एक एक्सपीचं मशीन पडून होतं. मी आणि बायकोने पहाटे चारपर्यंत एकतीस कन्व्हर्टर जिवंत केले. मुलांनी सकाळच्या पहिल्या लोकलने ते पोचवले.

नक्कल करणाऱ्यांवर त्या कंपनीचा राग असणं मला समजतं. तिची चिप, तिचा ड्रायव्हर, फायदा दुसऱ्याचा. पण शिक्षा झाली ती अनारसे विकणाऱ्या बाईंना, ज्यांनी चिप हा शब्दही ऐकला नव्हता. हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. तेव्हापासून आम्ही कन्व्हर्टर अधिकृत विक्रेत्याकडून बिलानेच घेतो आणि प्रत्येक लॉटमधला एक उघडून तपासतो. थोडा महाग पडतो, पण गिऱ्हाइकाला त्याचं कारण सांगतो.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा तो ग्रुप दिवसरात्र जागा होता. बिलाचा नमुना बदलला, एचएसएन कोड (करासाठी मालाचा वर्ग सांगणारे आकडे) आले, ५८ मिलिमीटरच्या रोलवर एका ओळीत ३२ अक्षरं, त्यात कर कुठे बसवायचा? शिवाय मराठीत बिल हवं म्हणणारी दुकानं वाढली होती. ते काम मी मनापासून केलं. या प्रिंटरांच्या पोटात देवनागरी नसते, त्यामुळे बिल चित्र म्हणून पाठवावं लागतं. ८० मिलिमीटरच्या प्रिंटरवर एका ओळीत ५७६ ठिपके, म्हणजे ७२ बाइट, आणि मिलिमीटरला आठ ओळी. दहा सेंटिमीटरचं बिल झालं ५७,६०० बाइटचं. जुन्या सीरियल वायरीवर ९६०० च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट, ते जायला पुरा एक मिनिट. रांगेतल्या गिऱ्हाइकाला एक मिनिट कोण उभं करणार? १,१५,२०० चा वेग चालणारा प्रिंटर असेल तर पाच सेकंद, यूएसबी असेल तर तेवढाही वेळ नाही. कुठला प्रिंटर कुठला वेग खरोखर पेलतो, हे ग्रुपवरच्या बावीस-तेवीस जणांनी आपापल्या दुकानांत तपासून सांगितलं. एकट्याला मला वर्ष लागलं असतं.

वेग जमला, तरी "वऱ्हाडी ठेचा" नीट उमटत नव्हता. रफार भलतीकडे जायचा, "वर्‍हाडी" ऐवजी "वर्हाडी". दुकानदार म्हणायचे, "चालतंय हो, कळतं लोकांना." माझ्या बायकोला ते चालत नव्हतं. अर्ध्या चंद्रासारखा तो ऱ मराठीचा स्वतःचा आहे, तो चुकला तर मराठी बिल कशाला म्हणायचं, असं तिचं म्हणणं. फॉन्ट बदलून, अक्षर जोडणीचा भाग नव्याने लिहून, तो ऱ्ह बरोबर उमटला त्या बिलाचा तुकडा तिने वहीत चिकटवला. थर्मलचा कागद असल्याने आता तो फिका पडला आहे.

आज त्या ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसं आहेत आणि महिना महिना एक प्रश्न येत नाही. सणांच्या शुभेच्छा येतात, कुणीतरी प्रिंटरचे भाव टाकतं. असं का झालं, यावर मी बराच विचार केला. जुने काही जण निवृत्त झाले. मोठ्या दुकानांना आता काटा, प्रिंटर, कॉम्प्युटर असा सगळा संच एकाच कंपनीकडून मिळतो, त्यांना जुळणी लागत नाही. नवीन मुलं व्हिडिओ बघतात. आणि एक कारण बोललं जात नाही: उत्तर सांगितलं तर समोरचा आपलं गिऱ्हाईक नेईल, ही भीती. पण लहान दुकानदार अजून काटा एकीकडून आणि प्रिंटर दुसरीकडूनच घेतो. प्रश्न कमी झालेले नाहीत, विचारणं कमी झालं आहे.

मागच्या वर्षी बदलापूरच्या एका मुलाने ग्रुपवर एका काट्याचा फोटो टाकून विचारलं होतं. वजन येतं, पण दर चार-पाच वेळांनी शेवटचा आकडा गळतो. मी वाचलं, उत्तर मला माहीत होतं, मी गाडी चालवत होतो म्हणून नंतर लिहू म्हटलं. लिहिलं नाही. आठ दिवसांनी बघितलं तर इतरांनीही लिहिलं नव्हतं. त्याने शेवटी लिहिलं होतं, "ठीक आहे, गिऱ्हाइकाने काटा परत केला." ते वाचून मला फार लागलं. २०१४ ला पुण्याहून पावणेबाराला कुणी असंच "नंतर लिहू" म्हटलं असतं तर?

मी त्याला फोन केला, माफी मागितली, गाळ्यावर बोलावलं. त्या दिवसापासून आम्ही वही खुली केली. दर शनिवारी बायको एका पानाचा फोटो ग्रुपवर टाकते: काटा कोणता, प्रिंटर कोणता, चिप कोणती, केबल कशी, काय चाललं आणि काय नाही चाललं. न चाललेलंही लिहायचंच, असा तिचा आग्रह आहे. पहिले दोन महिने नुसते अंगठे आले. मग नाशिकच्या एकाने लिहिलं की तुमच्या पानावरचा वेग माझ्याकडच्या नव्या मॉडेलला चालत नाही, २४०० ठेवावा लागला. आम्ही ते पानावर लाल शाईने लिहिलं, तारखेसकट.

बदलापूरचा मुलगा आता आठवड्यातून दोन दिवस आमच्याकडे येतो. काल त्याने उल्हासनगरच्या एका दुकानातला काटा आणला आहे, सीलसकट. तो वजनाच्या आधी एक जादा अक्षर पाठवतो आणि ते कशासाठी आहे हे अजून उलगडलेलं नाही. उद्या सकाळी टेबलावर तोच आहे.